मावशींच्या इस्त्रीला अर्थ नाही

नाव: बिल्डिंगमध्ये सगळे फ्यूज म्हणतात. वय: १९. काम: इलेक्ट्रिकल डिप्लोमा, दुसरं वर्ष. पत्ता: तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार.

हवालदारांनी चौकीत समोर बसवून विचारलं म्हणून सांगते की, तळमजल्यावरच्या मावशी लोकांचे कपडे इस्त्री करून देतात. आज सकाळी अकराला त्यांनी मला हाक मारली. इस्त्रीचा प्लग एका बाजूने काळा पडला होता. हॉटेलच्या चाळीस चादरी पाचपर्यंत द्यायच्या होत्या, नाहीतर ते काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

मी स्विच बंद केला, प्लग काढला, मग उघडला. आतली हिरवी वायर कुणीतरी कापून टाकली होती. मी एकदम म्हणाले, "मावशी, तुमच्या इस्त्रीला अर्थच नाही!" मावशी तशाच उठून बाहेर गेल्या.

वायरचा जळका भाग कापला. नव्या प्लगमध्ये ब्राउन वायर L ला, निळी N ला, हिरवी मोठ्या पिनेला लावली. तांब्याची एकही तार मोकळी ठेवली नाही. स्क्रू आवळले, वायर धरून ठेवणारी पट्टी तिच्या वरच्या जाड कव्हरवर घट्ट बसवली. सॉकेटची अर्थिंगही तपासली, ठीक आहे.

एक वाजता इथून, चौकीतून, बोलावणं आलं. मावशींची तक्रार अशी की, मी त्यांच्या धंद्याला बिनकामाचा म्हटलं आणि इस्त्री बिघडवली. इस्त्री त्या पुरावा म्हणून इथे घेऊन आल्या होत्या, पण लावूनही पाहिली नव्हती.

हवालदारांनी विचारलं, "अर्थ नाही म्हणालीस?" मी हो म्हणाले. अर्थ म्हणजे अर्थिंग, हेही सांगितलं.

"मग मराठीत बोल ना गं," मावशी म्हणाल्या.

"मला वाटलं मराठीतच बोलतेय."

हवालदार हसले. मी समजावलं की करंट इस्त्रीच्या पत्र्यात उतरला तर हिरवी वायर तो जमिनीत नेते, नाहीतर तो हातातून जातो.

मावशी म्हणाल्या, "म्हणून हाताला मुंग्या येतात होय. मला वाटलं, वय झालं."

ते ऐकून मी पिशवीतला मीटर लावून इस्त्री आतून तपासली. करंटची गळती दिसली नाही, म्हणजे ती कापून टाकलेल्या जळक्या भागातच असणार. मग इस्त्री इथल्या सॉकेटला लावली. तापायच्या आत मावशींनी पत्र्याला एक बोट टेकवलं, नंतर इस्त्रीची मूठ धरली. "काही नाही," म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. आता दोन वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मावशी दारात उभ्या राहून "चल गं फ्यूज, चादरींच्या घड्या कोण घालणार?" असं म्हणतायत, म्हणून मी निघते.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मावशींनीही ऐकला. मी सांगितलं तेच लिहिलं आहे, बरोबर आहे.