उंदीर एकदम बरा झाला

...अन वरून लोक मलेच विचारते, "मंग औषध कुठं हाय?" अजी, नाही ना औषध! असतं तर मी इथं तुमच्यासमोर बडबड करत बसली असती का? मी डॉक्टर हावो, पन ते वाली डॉक्टर नाही. सुई टोचनारी नाही. मी उंदरायची हावो! पुन्याच्या एका प्रयोगशाळेत नऊ वर्षं झाले, उंदरायचे फुप्फुसं पाहून राहिली. अन तुम्हाले सांगते, खोटं नाही बोलत, उंदीर बरा झाला. एकदम बरा!

विषय काय म्हनान, तर फायब्रोसिस. म्हंजे कसं, धानाची बांधी असते ना चिखलाची, मऊ, पाय टाकला का रुतते... तेच एप्रिलात कशी टनक होते, तडकते? तसं मानसाचं फुप्फुस आतल्या आत वाळत जाते. स्पंज असते, त्याचं पायतान होते. मंग हवा जाईन कुठून? अन यामागं असते कोन, तर पेशीतला एक आरएनए. आता बाकीचे आरएनए बिचारे कामाचे, प्रोटीन बनवाचा निरोप घेऊन धावत राहते. पन हा नॉनकोडिंग! हा स्वतः काहीच बनवत नाही, नुसता बसून राहते अन दुसऱ्याइले कामाले लावते. त्याले गप्प बसवलं का रोग मागं फिरते. हे मी सानगडीत, आमच्या गावात, माह्या सत्काराच्या दिवशी समजावून सांगतलं, तर आमच्या शेजारच्या पुष्पाबाई भर सभेत बोलल्या, "म्हंजे आमचे मालक!" सारा मंडप हासला. नऊ वर्षाचं संशोधन, बाईनं दोन शब्दात संपवलं!

पन कायले आठवला मले तो सत्कार... त्याच दिवशी तर सारं झालं.

सकाळी मी वरठी स्टेशनवर उतरली. माहे बाबा, सुखराम नाव त्याइचं, तीस वर्षं राइस मिलमधे पोते उचललेला मानूस. दर खेपेले पूल चढून या बाजूले येते, माही बॅग खांद्यावर मारते, अन मी मागं मागं धावत जाते. त्या दिवशी पाहते तर काय, बाबा पुलाच्या पलीकडं, खाली उभे. मी म्हनलं, "काहून जी बाबा, वर नाही आले?" म्हंते, "तू खालीच येऊन राहिली होती ना? दोघाइनं कायले चढाचं?" बरोबर होतं ना जी! अन मी, फायब्रोसिसवाली, डॉक्टर मनाली नाव लावनारी... मी हासली!

मंग संध्याकाळी मंडपात. मी माईकवर, बाबा बाजूच्या खुर्चीत, हार गळ्यात, तोंड उघडं. स्टेजच्या दोन पायऱ्या चढले होते, दोन, अन श्वास खाली बसत नव्हता. बोलता बोलता माही नजर गेली त्याइच्या हातावर. बोटायचे शेंडे फुगलेले, नखं गोल. या रोगातले असे बोटं मी फोटोत शंभरदा पाहिले हाय, पोट्ट्याइले शिकवतानी दाखवले हाय. अन लोक खाली टाळ्या वाजवून राहिले! मी वाक्य अर्ध्यात सोडलं. लोकाइले वाटलं, पोरीले भरून आलं.

घरी आली, बाबाले पाठमोरं बसवलं, पाठीले कान लावला. चपलेचा चिकटनारा पट्टा चर्रकन सोडावा ना, तसा आवाज. श्वास घेतला का चर्र. परत घेतला का चर्र. मी मायेकडं पाह्यलं. सत्यभामा माही माय, पदरानं तोंड झाकून उभी. "कवापासून?" "दीड वर्ष झालं वो बाई." गावात एका खाजगी डॉक्टरनं टीबी म्हनून गोळ्या देल्ल्या, थुंकी साफ निघाली तरी देल्ल्या, नऊ महिने! अन मले काहून नाही सांगतलं? तर बाबाच म्हनले, "पोरीले सांगू नको. तिचे उंदीर आता बरे होऊन राहिले, तिचं मन हालन."

तिचं मन हालन! अन माहा उंदीर म्हनान, तर एकदम बरा!

पन बाबाले कायले दोष द्याचा? मी रोज फोन करत होती ना. दीड वर्ष तो खोकला माह्याच कानात वाजून राहिला होता. अन मी, साऱ्या देशात या विषयावर भाषनं देनारी बाई, काय म्हनत होती मालूम हाय? "बाबा, पानी प्या." पानी प्या! नऊ वर्ष शिकून हे औषध काढलं मी!

दुसऱ्या दिवशी नागपूर. सीटी स्कॅन. तिथला डॉक्टर जवान, हुशार, शुद्ध बोलनारा. म्हनला, "गोळ्यांनी आजार थांबणार नाही, फक्त हळू चालेल." बाबा म्हंते, "हळू चालन तर चालते, मले कुठं गाडी पकडाची हाय?" मंग डॉक्टर म्हनला, "आशा सोडू नका. नवीन काम आलंय एक. नॉनकोडिंग आरएनए बंद केला की फुप्फुसं सुधारतात. पण ते अजून उंदरांत." बाबानं विचारलं, "कोनं केलं जी ते?" "पुण्याच्या कोणी बाई आहेत." बाबानं असा हात केला माह्याकडं, "हे काय बसली!"

तो डॉक्टर खुर्चीवरून उठला ना जी! हात जोडले त्यानं. "मॅडम, तुम्ही? मग तुम्हीच सांगा ना बाबांना, माणसांसाठी किती वर्षं लागतील?"

किती वर्षं... मोठमोठ्या सभेत मी यावर पाऊन तास बोलते. दहा, बारा, पंधरा, सांगाचं अन पडद्यावरच्या पुढच्या चित्रावर जाचं. तिथं पुढचं चित्रच नव्हतं. बाबा माह्या तोंडाकडं पाहून राहिले होते. मी एवढंच बोलली, "बाबा... उंदीर बरा झाला."

बाबानं माह्या हातावर हात ठेवला. "चांगलं झालं माय. त्याचेबी लेकरंबाळं असन."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसली.

आता मी सुट्टी टाकून गावीच हावो. आंगनात बाबाची खाट, बाजूले ऑक्सिजनची मशीन घर्र घर्र. लाइन गेली का माहाच जीव वर जाते, बाबा मात्र निवांत. काल त्याइचे मिलमधले जुने जोडीदार आले, गोपीचंदकाका. खाटेजवळ बसले, डोळे पुसले. "कसा रे सुखराम, तुलेच कसा लागला हा रोग?"

तर बाबानं नाकातली नळी काढली! बोलाले दम पाहिजे ना, म्हनून काढली! अन छाती होती तेवढी फुगवून म्हंते, "रोग तर साऱ्याइलेच होते गोपीचंद. कोनाले शुगर, कोनाले बीपी. पन मले पाह्य ना... पोरीच्या विषयातला झाला!"

मी धावत जाऊन नळी परत घातली. अन गोपीचंदकाका, तुम्हाले सांगते, मान हालवून हालवून काय म्हनले?

"नशीब लागते गड्या. नशीब लागते."