कोटाचं अस्तर

चहा होईपर्यंत आमच्या मामांचं ऐका. मामा इथेच, ग्वाल्हेरच्या फायर ब्रिगेडमध्ये. मी बाहेरून अग्निसुरक्षा शिकून आले आणि हौसेने त्यांच्या ठाण्यासाठी आगीत घालायचे कोट निवडून दिले. मे महिन्यात टोपी बाजारातलं एक दुकान पेटलं. मामा परतले तेव्हा कोट धडधाकट होता, पण आतला हात कोपरापर्यंत भाजलेला. कोट उलटून पाहिला, तर आतलं जाड अस्तरच गायब!

"मामा, अस्तर कुठंय?"

"टेलरकडून काढवून घेतलं गं, सगळ्यांनीच. इतक्या गर्मीत रजाई पांघरून आग विझवायची का?"

"अहो, तेच तर वाचवतं! आजच परत लावून घ्या."

पट्टी बांधलेला हात पंख्याखाली धरून मामा थकून म्हणाले, "लावू ना बेटा. जरा थंडी तर पडू दे."