दहावा धडा

अरे ऐका ना! काल मोखाड्याहून जव्हारच्या जीपमध्ये माझ्यामागे दहावीच्या दोघी बसलेल्या, शायस्ता नि समृद्धी. आता क्लासमध्ये गाईड नाही, कॉम्प्युटरवर सीडी लावून अभ्यास करतात म्हणे.

“समृद्धी, सीडीत माझ्या इकराआपाचं नाव अजून आहे गं.”

“असेल. तिला जाऊन वर्षच तर झालंय.”

“कावीळ झाली तेव्हा आपा चौथ्या धड्यावर होती. आता तिच्या नावापुढे नववा दाखवतंय.”

“हॅट! क्लासातल्या सर्वेशनं मस्करी केली असेल.”

“पाणी नव्वद अंशाला उकळतं, असं आपाच्या जुन्या गाईडात चुकून छापलंय. तिचं तेच पाठ होतं. नवव्या धड्यात उत्तर म्हणून कुणीतरी नव्वदच दाबलंय.”

“...ते गाईड कुणाकडे असतं?”

“माझ्या उशाशी.”

“सरांना सांगितलंस?”

“त्यांनी नुसती क्लासची किल्ली दिली. म्हणाले, आपल्याला जमणार नाही, तूच जा.”

“म्हणजे आज सुट्टी असून तू तिथेच चाललीयेस? कशाला गं?”

“दहा धडे संपले की सीडी नाव पुसून टाकते. आपाला सांगणार, दहावा अर्धाच ठेव.”