ओढायला काय, काहीही ओढेल!

…नाही, हसा तुम्ही, पण तुम्हाला सांगतो, या टेक्सासमध्ये ज्याला कोणाला विचाराल ना, की बाबा रे, ट्रेलर ओढायला कुठला ट्रक घेऊ, तो आधी तुम्हाला नखशिखांत न्याहाळतो, मग स्वतःचा बेल्ट पोटावर चढवतो आणि म्हणतो, "ओढायला काय, काहीही ओढेल!" शेजाऱ्यानं तेच सांगितलं, ऑफिसातल्यांनी तेच सांगितलं, आणि आमच्या प्लेनोच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तर ज्यांनी आयुष्यात चाकांची सुटकेस सोडून दुसरं काही ओढलेलं नाही, त्यांनीसुद्धा तेच लिहिलं, वर अंगठा!

आता शहाणा माणूस आधी ट्रक घेतो, मग ट्रेलर. आम्ही आधी ट्रेलर घेतला. का? तर सेल होता! नालासाठी घोडा म्हणतात ना, तो हाच. आत किचन, बेड, बाथरूम, सगळं… आणि तो आणणारा माणूस ते चाकांवरचं बिऱ्हाड माझ्या ड्राइव्हवेत सोडून निघून गेला, शेजारी माझी जुनी सेडान, तीही एसी बंद पडलेली, आणि मध्ये मी उभा.

आणि हे सगळं कशासाठी? खरं सांगू? साडूसाठी! संग्राम. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला असतो. मागच्या खेपेला सासू-सासरे नागपूरहून आले, तर यानं भाड्याची व्हॅन करून त्यांना नायगारा दाखवला. धबधबा काय यानं बांधला होता का? पण तेव्हापासून सासरेबुवा दर फोनवर, "संग्रामनं काय व्यवस्था केली, वा!" माझ्या लग्नापासून त्या माणसाच्या तोंडून माझ्यासाठी एकदासुद्धा 'वा' निघालेलं नाही हो! मला ते 'वा' पाहिजे होतं, बस. म्हणून ते या खेपेला आले तसं मी जाहीर केलं, यलोस्टोन, तेही स्वतःच्या चाकांवरच्या घरातून!

तर ट्रक बघायला कोण कोण गेलं? सगळे! आपल्यात गाडी काय एकटा माणूस घेतो? मी, बायको उल्का, मुलगी रुही, सासरे, आणि सासूबाई पर्समध्ये नारळ घेऊन. सेल्समन हॅटवाला, दाराएवढा रुंद. बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "सर, धिस विल पुल युअर हाउस!" म्हणजे तेच, ओढायला काय, काहीही ओढेल! मी सही करायला पेन काढलं… आणि सासऱ्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं.

त्यांचं कसं आहे, छापलेलं दिसलं की ते वाचतात. शांपूची बाटलीसुद्धा शेवटपर्यंत वाचतात. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचून म्हणाले, "जावईबापू, माणसं नि सामान मिळून चौदाशे पाउंडांच्या वर नको म्हणते ना हे!"

सेल्समनची हॅट एकदम लहान वाटायला लागली. कारण तुम्हाला सांगतो, ट्रक मागे डोंगर ओढेल, पण त्याच्या स्वतःच्या पाठीवर किती चालेल हा हिशोब वेगळा, आणि ट्रेलरचं नाक त्याच पाठीवर टेकतं! निम्म्याहून जास्त वजन तिथेच संपलं. म्हणजे ओढायला काहीही ओढेल, फक्त आपण आत बसायचं नाही!

मग याहून मोठा ट्रक बघितला. केवढा! तोंड गॅरेजमध्ये गेलं तर शेपूट रस्त्यावर, आणि सासूबाईंना चढवायला शिडी. कॅन्सल केला. मग सेल्समननं पहिल्याच ट्रकसाठी कॅल्क्युलेटर काढला आणि सासूबाईंकडे बघत सरळ विचारलं, "सो, हाउ मच डझ द लेडी वे?"

आणि उल्का बघतेय कोणाकडे? माझ्याकडे! जसं काही मीच विचारलं. "आईचं वजन विचारायचं नाही, सांगून ठेवते."

बरं, नाही विचारत. पण कळायला तर पाहिजे! आता इंडियाला जाताना आपण घरी बॅगेचं वजन कसं करतो? बॅग धरून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं उभं राहायचं, वजाबाकी. मी म्हटलं, हेच उलटं करू. घरी आल्यावर गरीब चेहरा करून, "आई, माझी पाठ धरलीये, जरा ही बॅग घेऊन काट्यावर उभ्या राहता?" राहिल्या बिचाऱ्या. मी आकडा बघायला वाकलो, आणि वरून आवाज, "काहून हो जावईबापू, बॅग तर रिकामी आहे!"

रुही म्हणाली, "बाबा, दॅट इज सो लेम!" मला वाटलं, आता उल्का मला ट्रेलरमध्येच झोपवते. पण सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, विचारायचं ना सरळ! बासष्ट किलो. झालं? आता तुम्ही चढा."

चढलो. आकडा सासऱ्यांनी वाचला. मोठ्यानं. आधी पाउंडात, मग किलोत, मग खात्री करायला परत पाउंडात.

सासूबाईंनी लगेच हिशोब मांडला, ट्रक तोच घ्यायचा, पण वजन जास्त होतं, काहीतरी कमी करा. "कुकरशिवाय भागायचं नाही. पोळपाटाशिवाय भागायचं नाही. मग कोणाशिवाय भागेल?" आणि चारही माना माझ्याकडे वळल्या! मी म्हटलं, "अहो, पण चालवणार कोण?" उल्का म्हणाली, "मी व्हिडिओ बघितलेत." संपला विषय. बरं, मी सेडान घेऊन मागून येतोच आहे म्हटल्यावर कुकर, पोळपाट, तांदळाचं पोतं, लोणच्याची बरणी, सगळं माझ्याकडे!

तर असा गेलो आम्ही यलोस्टोनला. पुढे माझा ट्रक, माझा ट्रेलर, थंडगार सीटवर माझं कुटुंब. मागे मी, काचा खाली, शेजारी तांदळाचं पोतं, त्याला सीटबेल्ट, कारण नाहीतर गाडी केकाटते. पुढून सासऱ्यांचा फोन, "उल्का काय चालवते हो… वा!" आलं 'वा', पण पुढच्या गाडीत. आणि तो ठेवतोय तोवर न्यू जर्सीहून संग्राम, "काय शैलेंद्र, ओढतोय का तुझा ट्रक?"

म्हटलं, "ओढायला काय, काहीही ओढेल! मला मागून सगळं स्पष्ट दिसतंय."