त्याच सुईचे दोन भाव

(दोन खुर्च्यांचं सलून, दुपारचे बारा. एका खुर्चीत विमा एजंट, दोन्ही गालांना फेस. मागे वस्तरा घेऊन सलूनचा मालक. त्याला सगळे उस्ताद म्हणतात.)

उस्ताद: मान हलवू नका, पॉलिसीशेठ. हातात वस्तरा आहे आणि डोक्यात तुमच्या कंपनीचं पत्र.

एजंट: पत्र आलं होय? मग आधी वस्तरा खाली ठेव, मग बोलू.

उस्ताद: का बरं? सहा वर्षं हप्ते घेताना म्हणायचात, उस्ताद, निर्धास्त राहा. आता तुम्ही राहा निर्धास्त.

एजंट: लिहिलंय काय?

उस्ताद: लिहिलंय की खांद्यात इंजेक्शन घ्यायचं तर हॉस्पिटलात भरती व्हा. नुसतं जाऊन टोचून आलात तर छदाम मिळणार नाही. थोडक्यात, कंपनीनं हात वर केले. तिचे बरे वर होतात! माझा खांद्याच्या वर जात नाही.

एजंट: म्हणून खुर्ची इतकी खाली घेतलीस होय! चार महिने बघतोय, गुडघे हनुवटीला लागतायत. मला वाटलं, आपलंच पोट वाढलं.

उस्ताद: ते तर वाढलंच आहे.

एजंट: आणि डोकं चोळून द्यायचं बंद केलंस, तेही ह्याच्यामुळेच? मी घरी सांगत होतो, उस्ताद माजलाय म्हणून.

उस्ताद: वहिनी काय म्हणाल्या?

एजंट: म्हणाली, इतकी वर्षं तुमचं डोकं सांभाळतोय बिचारा, कंटाळा येणारच की.

उस्ताद: वहिनींना माझा नमस्कार सांगा. गाल फुगवा जरा. हं.

एजंट: अरे, पण मग हो की भरती! एका दिवसाचा तर प्रश्न. पॉलिसी कशासाठी काढलीये?

उस्ताद: विचारून आलोय. काउंटरवरच्या मुलीनं कागदावर मांडून दिलं. भरती झालो तर बिल सव्वीस हजार. खोली, ऑपरेशन थिएटर, टोचणारा एक डॉक्टर आणि शेजारी उभा राहणारा दुसरा.

एजंट: देईल ना कंपनी.

उस्ताद: त्यातले वीस टक्के माझे. तुमच्याच पॉलिसीत बारीक अक्षरात आहे, चष्मा लावून वाचलं. पाच हजार दोनशे. शिवाय हातमोजे, कापूस, फाइल असल्या गोष्टी कंपनी देत नाही, ते चौदाशे. झाले सहा हजार सहाशे.

एजंट: सव्वीसच्या जागी साडेसहा. वाईट आहे का?

उस्ताद: पुढे ऐका की. तोच डॉक्टर सकाळी मागच्या गल्लीत स्वतःच्या दवाखान्यात बसतो. सुई तीच, औषध तेच, टोचणारा हातही तोच. तिथं विमा चालत नाही. रोख अडीच हजार.

एजंट: हं.

उस्ताद: नुसतं हं काय? बोला ना. एरवी तर तोंडाला फेस असला तरी थांबत नाही तुम्ही.

एजंट: म्हणजे विमा लावला तर सहा हजार सहाशे, नाही लावला तर अडीच.

उस्ताद: आणि एवढ्यासाठी मी सहा वर्षं हप्ते भरले!

एजंट: पॉलिसी मोठ्या दुखण्यासाठी असते रे. उद्या देव न करो, काही मोठं झालं तर...

उस्ताद: बरं, ते राहू द्या. गेल्या वर्षी तुमच्या गुडघ्यात टोचलं, ते कुठल्या पॉलिसीत?

एजंट: ओठापाशी लक्ष दे, कापशील.

उस्ताद: कुठल्या पॉलिसीत, शेठ?

एजंट: रोख दिले.

उस्ताद: अरे देवा! विमेवाल्यानं रोख दिले!

एजंट: हळू बोल की! गिऱ्हाइकं आहेत माझी ह्या रस्त्यावर. त्याच दवाखान्यात घेतलं, मागच्या गल्लीत. कोण ते फॉर्म भरत बसणार?

उस्ताद: लोकांचे फॉर्म भरून पोट भरता आणि स्वतःचा म्हटला की कंटाळा! वा!

एजंट: हस, हस. पण मग तू कशाला थांबलायस? अडीच हजार तुला जड नाहीत. गेल्याच महिन्यात एवढे मोठे आरसे लावलेस. हा भाव कळून झाले किती दिवस?

उस्ताद: दीड महिना झाला असेल.

एजंट: दीड महिना! आणि वस्तरा दाखवून मला झापतोयस?

उस्ताद: झापू द्या हो. तेवढंच बरं वाटतं.

एजंट: खरं सांग. सुईला घाबरतोस?

उस्ताद: सुईला कोण घाबरतंय! तुमचा गुडघा दुखायचा थांबला का पण?

एजंट: आठ महिने मस्त होता. आता जिना चढताना थोडा कुरकुरतो.

उस्ताद: बघा. डॉक्टरही तेच म्हणाला. बहुतेकांना फरक पडतो, पण खात्री देत नाही. आज मला कोणी विचारलं, तर सांगता येतं की विम्याचं काम अडलंय, इंजेक्शन घेतलं की हात सुटेल. आणि घेऊनही नाही सुटला, तर काय सांगू? तीस वर्षं ह्या एका हातावर घर चाललंय. दुसरं काही येत नाही मला. भीती वाटते, शेठ. तुमच्या कंपनीचं पत्र आलं ना, तेव्हा खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

एजंट: वेडा आहेस तू.

उस्ताद: असेन. डावा गाल वळवा इकडे.

एजंट: नाही वळत. डावा गाल राहू दे.

उस्ताद: अहो, अर्धी दाढी झालीये!

एजंट: अर्धीच राहू दे. दवाखाना एकपर्यंत उघडा असतो. चल. उरलेली हात सुटल्यावर कर.

उस्ताद: लगेच नाही सुटत हो. दोन दिवस हाताला आराम, मग व्यायाम. फरक पडायला आठवडा तरी जाईल म्हणाला.

एजंट: मग आठवडाभर असाच हिंडेन.

उस्ताद: असल्या तोंडानं लोकांकडे पॉलिसी विकायला जाणार?

एजंट: धड तोंड बघून तरी कोण घेतंय!

उस्ताद: वहिनी घरात घेणार नाहीत.

एजंट: तिचं मी बघतो. तू वस्तरा ठेव आधी.

उस्ताद: आणि नाहीच सुटला हात, तर?

एजंट: तर दुसऱ्या गालाचीही वाढवेन. दुसऱ्या कुणापुढे मान द्यायला मी काही बसणार नाही.

उस्ताद: ...फेस तरी पुसू द्या.

एजंट: पुस. आणि शटरला हात लावू नकोस. मी ओढतो.