सोमवारी ते मशीन पुसू नका

प्राचार्य साहेब, महानंदा वहिनी, मल्लिनाथ अण्णांच्या कॉलेजातले सगळे सर आणि मॅडम, त्यांचे विद्यार्थी, आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातनं माग बंद ठेवून आलेले सगळेजण.

मला भाषण करता येत नाही. भांडता येतं. सकाळी घरातनं निघताना ठरवलं होतं, मागच्या खुर्चीत गप बसायचं, फोटोला फूल वाहायचं आणि निघायचं. मधेच थांबले तर सांभाळून घ्या. पण माझ्या आधी जे बोलून गेले, त्यांचं ऐकलं आणि उठलेच. आज गप बसले तर अण्णा वरनं शिव्या घालतील.

कोण म्हणालं, मल्लिनाथ सर शांत होते. कोण म्हणालं, मनमिळाऊ होते. अहो, कुणाबद्दल बोलताय? फोटोकडं तरी बघा की! मल्लूअण्णा आणि मनमिळाऊ? या कॉलेजात ज्याच्याशी अण्णा भांडले नाहीत असा एक माणूस उभा करा. वहिनी, तुम्हीच सांगा. बघा, वहिनी रडता रडता हसायल्यात.

माणूस गेला की त्याच्यावर साखर पेरायची, ही काय रीत झाली? भांडकुदळ होते अण्णा. तिरसट होते. पण कशासाठी भांडायचे, ते इथं कुणीच सांगितलं नाही. ते मी सांगते.

मी पद्मा. आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. मी कॉम्प्युटरवर टॉवेलची डिझाईनं काढते. मोर, कमळ, कुणाच्या लग्नातली नावं, सांगाल ते. मागं एका उन्हाळ्यात अचानक लाईट गेली. परत आली तेव्हा माझा कॉम्प्युटर नुसता काळा, डिझाईनं गायब. त्यात माझ्या वडिलांची डिझाईनं होती. त्यांनी कागदावर काढलेली, मी एकेक चौकोन भरून कॉम्प्युटरवर चढवलेली. वडील तोवर गेले होते, कागद वाळवीनं खाल्ले होते. दुकानदार म्हणाला, ताई, फॉरमॅट मारतो, नवीन टाकून देतो. नवीन कुठनं टाकणार होता तो? माझे वडील नवीन टाकणार होता?

मग कुणीतरी सांगितलं, कॉलेजात लॅब सांभाळणारा एक तिरसट माणूस आहे, त्याच्याकडं जा. गेले. अण्णांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या कॉम्प्युटरची डिस्क हातात घेऊन विचारलं काय, "हिला कुणी हात लावलाय का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग बस. वाचंल."

आणि वाचली. आजही आमच्या मागावर वडिलांचा मोर निघतो.

आता ज्यांना अण्णांचं काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. लॅब सांभाळणं ही त्यांची नोकरी. काम दुसरंच होतं. जगभरातले कितीतरी कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. त्यात डिस्कवर कुठली फाईल कुठं ठेवलीय हे सांभाळणारी एक फाईलसिस्टीम असते. गोडाऊनमधे माल जागच्या जागी आहे, पण कुठल्या फळीवर काय हे सांगणाराच राहिला नाही, असं झालं की आपण म्हणतो, डिस्क गेली. मग काळ्या स्क्रीनवर कमांड टाईप करायची. ती कमांड म्हणजे एक टूल असतं, ते सगळं तपासतं, जुळवतं, दुरुस्त करतं. अण्णा त्या टूलची दुरुस्ती करायचे. ते आणि जगात ठिकठिकाणी बसलेली त्यांच्यासारखीच डोकेफिरू माणसं. एकमेकांना कधी बघितलेलं नाही, आणि ई-मेलवर रोज भांडण!

भांडण कशावरनं? ते टूल मोडलेली जागा दिसली की विचारतं, दुरुस्त करू का? माणूस घाबरलेला असतो. तो म्हणतो, हो. परत विचारतं. परत हो. मग तो न वाचताच हो, हो, हो करत सुटतो. शेवटी कळतं की डिस्क चालू झाली, पण अर्ध्या फायली कापल्या गेल्या आणि उरलेल्यांची नावं गेली. अण्णा चिडायचे. म्हणायचे, "टूलनं आधी नुसतं बघायचं. हात लावायचा न्हाय. काय जाणार, काय राहणार ते साध्या शब्दांत सांगायचं. कॉपी घे म्हणायचं. मग हात लावायचा."

यावर परदेशातल्या एकानं त्यांना लिहिलं की लोकांनी आधी माहितीपत्रक वाचावं, हे टूल अडाण्यांसाठी नाही. अण्णांनी उलट काय लिहिलं, ते मला वाचून दाखवलं होतं. वाचायला माणूस शांत लागतो, आणि डिस्क गेलेला माणूस शांत नसतो. असं लिहिलं, आणि मग बरेच महिने दोघांचं जुंपलेलं. शेवटी अण्णांनी म्हटलं तसंच झालं.

मला कँटीनमधे बसवायचे. टूलमधलं एखादं नवं वाक्य साध्या भाषेत करून वाचायचे आणि विचारायचे, "काय कळलं?" मी म्हणायचे, काहीतरी मोडलंय. "भ्याली का?" लई भ्याले. "मग तू न्हाय चुकली, वाक्य चुकलंय." आणि लगेच खोडून दुसरं लिहायला लागायचे. चहावर साय धरायची. मी म्हणायचे, अण्णा, मला कशाला छळताय? म्हणायचे, "तुझ्यासारखी रागीट बाई दुसरी घावंना. शांत माणसाला काय बी चालतंय."

आता मुद्द्याचं सांगते. नीट ऐका, कारण सोमवार जवळ आलाय.

ज्याची डिस्क वाचवली त्याच्याकडं अण्णा एकच गोष्ट मागायचे. म्हणायचे, तुझ्या मोडक्या डिस्कचा सांगाडा मला ठेवून घेऊ दे. सांगाडा म्हणजे आतले फोटो नाहीत, कागद नाहीत, कुणाचं गुपित नाही. कुठं काय आणि कसं मोडलं होतं, तेवढाच नमुना. माझ्या डिस्कचा सांगाडा त्यांच्याकडं आहे. एका फोटो स्टुडिओचा आहे, एका दवाखान्याचा आहे. इथं बसलेल्या कितीतरी जणांचा आहे. माना हलवू नका, हात वर करा! हं. बघा साहेब, किती हात आहेत.

टूलमधे एक ओळ जरी बदलली तरी या सगळ्या सांगाड्यांवर ते टूल चालवून बघायचं, हा अण्णांचा नियम. एक जरी बिघडला, की बदललेली ओळ मागं घ्यायची. म्हणायचे, "आधी सोलापूरची मोडतोड पास व्हायला पाहिजे. मग जग."

आणि शेवटचं काम कुठलं होतं ठाऊक आहे? लाईटचं. दुरुस्ती चालू असताना मधेच परत लाईट गेली तर? डिस्क आधी मोडली होती त्यापेक्षा जास्त मोडते. तिकडच्या लोकांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. कसं येणार? गेलेली लाईट आली की राहते, असं त्यांना वाटतं. ती आल्या आल्या परत जाते, हे सोलापूरच्या माणसाला विचारा! अण्णांनी ठरवलं, दुरुस्ती कुठंही तुटली तरी परत जागेवर येता आलं पाहिजे. दुपारी लॅब मोकळी झाली की मला बोलवायचे आणि बटणापाशी उभं करायचे. ते टूल चालू करायचे आणि ओरडायचे, "बंद कर!" मी बटण बंद करायचे. परत चालू, परत ओरडा. मला हसू यायचं. सगळं गाव लाईट जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतं, आणि आम्ही दोघं मुद्दाम घालवत बसलेलो. ते काम झालं होतं. सांगाड्यांवर तपासणं चालू होतं, थोडेच राहिले होते. आणि अण्णांची छाती दुखायला लागली.

तुम्ही म्हणाल, एवढा जाणकार माणूस, कॉपी नव्हती का ठेवली? होती. दोन मशीनवर ठेवली होती. त्यातलं एक मशीन अण्णा दवाखान्यात असताना पुसलं गेलं. परीक्षेच्या कामाला पाहिजे म्हणून उचललं आणि फॉरमॅट मारलं. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. वहिनी सकाळ-संध्याकाळ दवाखान्याच्या पायऱ्या चढत होत्या, त्यांना एक फोन करता आला नाही.

आणि आता दुसरं. अण्णांच्या टेबलावरचं. सोमवारी तेही फॉरमॅट होणार आहे. वहिनी ऑफिसात जाऊन हात जोडून सांगून आल्या, "मला त्यातलं काय बी कळत न्हाय, पर त्यांचं काम हाय, टाकू नका." त्यांना उत्तर काय मिळालं? बाई, आम्ही बघितलं, त्यात सगळ्या मोडक्या फायली आहेत, एक पण उघडत नाही.

अहो, उघडत नाही म्हणजे काय? मोडक्याच आहेत त्या! मोडक्या आहेत म्हणून तर ठेवल्यात! मोडलेल्या डिस्कांचा सांगाडा डबल क्लिक करून उघडतोय होय? रक्ताची तपासणी करणाऱ्याकडं जाऊन म्हणाल का, की या बाटल्यांत सगळं आजारी रक्त आहे, ओतून टाका? कुणीतरी एकानं एक फाईल उघडून बघितली, एरर आला, आणि एका माणसाचं अख्खं आयुष्य निकामी ठरवून टाकलं. कॉम्प्युटर शिकवणारं कॉलेज आहे ना हे? का रसवंतीगृह आहे?

हो, मला दिसतंय, मागनं कोणीतरी हात करायलंय, बस म्हणून. नाही बसणार.

प्राचार्य साहेब, तुम्ही दवाखान्यात आला होता, वहिनींपाशी बसला होता. ते मी विसरले नाही. पण आत्ता थोड्या वेळापूर्वी तुम्ही याच माईकवर सांगितलंत की लॅबला मल्लिनाथ सरांचं नाव देणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनींनी पदर डोळ्याला लावला. आणि मशीन कशासाठी पुसताय? तर त्याच कार्यक्रमाच्या आधी लॅब स्वच्छ दिसायला पाहिजे म्हणून! म्हणजे अण्णांचं नाव भिंतीवर लावायला अण्णांचं काम पुसायचं. साहेब, अण्णा उलटं सांगायचे. म्हणायचे, फाईलीचं नाव गेलं तर जाऊ दे, आतलं वाचलं पाहिजे. तुम्ही नाव ठेवताय आणि आतलं फेकताय. ही कसली श्रद्धांजली? ही तर वहिनींच्या तोंडाला पानं पुसली.

आणखी एक सांगते. तो परदेशातला माणूस, ज्याच्याशी अण्णा महिनोन्‌महिने भांडले, त्याची वहिनींना मेल आली. मला वाचता आली तशी वाचून दाखवली. लिहिलंय की तुमचा नवरा माझ्या ओळखीतला सगळ्यात त्रासदायक माणूस होता, आणि मला करमत नाही. लिहिलंय की त्यानं जे काही अर्धवट सोडलं असेल ते आम्हाला पाठवा, आम्ही पुरं करतो, आणि ते मोडके सांगाडे तर पाठवाच, तसले आमच्याकडं नाहीत. ज्यानं अण्णांचं तोंड बघितलं नाही, त्याला किंमत कळली. आणि ज्यांनी रोज त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला, त्यांना कळू नये?

दवाखान्यात शेवटच्या वेळी भेटले तेव्हा बोलायला त्रास होत होता. वहिनी म्हणाल्या, बोलू नका. ऐकतील ते अण्णा कसले! मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, घरचं काहीतरी सांगतील. म्हणाले, "मशीन चालू हाय का?"

मी म्हटलं, चालू आहे, अण्णा.

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांना खरं सांगितलं होतं. येताना लॅबमधे डोकावून आले होते, पंखा फिरत होता, स्क्रीनवर अक्षरं सरकत होती. आज सकाळी खिडकीतनं बघितलं, तेव्हाही ते मशीन चालू होतं. माझा शब्द अजून खरा आहे. सोमवारी तुम्ही त्याला खोटा पाडणार आहात. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द आहे, साहेब. मी तो खोटा पडू देणार नाही.

मला लॅब नको. मशीन नको. टेबल, खुर्ची, नावाची पाटी, सगळं तुमचं. माझ्या पिशवीत एक कोरी डिस्क आहे. ही बघा. अण्णांचे विद्यार्थी इथं बसलेत, कॉपी कशी घ्यायची हे त्यांना अण्णांनीच शिकवलंय. आधी बघायचं, मग कॉपी, मग हात. एवढंच करायचंय. तास-दोन तास लागतील. मग ते मशीन धुवा, पुसा, त्याला हार घाला, काय पाहिजे ते करा.

लॅबला कुलूप आहे. किल्ली साहेबांच्या केबिनमधे आहे, आणि केबिन या हॉलच्या पलीकडंच आहे.

आता रीतीप्रमाणं आपण सगळे उभे राहू. उठा, सगळे उठा. वहिनी, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल. उठताय? बरं, माझा हात धरा.

अण्णा, मनमिळाऊ म्हणाले तुम्हाला. राग मानू नका. मशीन चालू आहे.

आपण शांत उभं राहायचं. दोन मिनिटं नाही. किल्ली येईपर्यंत. साहेब, तुम्ही तेवढं जाऊन या.