टायरची लाईट गागोद्यालाच लागते

हवा भरा एवढंच सांगून मी पानटपरीवर गेलो, काका, आणि येऊन बघतो तर तुम्ही गाडी जॅकवर चढवून चाकच काढून बसलात — व्हय, बुडवा, टाकीत बुडवून बघा, पण मी आत्ताच सांगतो, एक बुडबुडा यायचा नाय. पंक्चर नायच हाय. रोह्याला, वरश्यात आमच्या नाक्यावरच्यानं बघितलंन, खांब गावात एकानं बघितलंन, शोरूमवाल्यांनी तर लॅपटॉप लावला आणि सांगितलं सेन्सर गेलाय. बदलला सेन्सर. वर मलाच शिकवतात, साहेब, थंडीत हवा आकसते, मग लाईट लागते. थंडी काय फक्त गागोद्याला, माझ्या सासुरवाडीलाच पडते? रोज कंपनीत गाडी नेतो, हायवेचे ते खड्डे, तिथं लाईट नाय लागत. सासुरवाडीला गेलो, दुपारचं जेवून निघायला म्हणून स्टार्टर मारला की समोर ती टायरमधली हवा कमी झाल्याची पिवळी लाईट हजर — आणि दर वेळी चाक वेगळं. एकदा मागचं डावं, एकदा पुढचं उजवं. सांगा आता, सगळे सेन्सर काय सासुरवाडीला येऊन मरतात?

स्टेपनी लावावी तर स्टेपनीत हवा नाय. मग मेहुणा, विशाल, चाक मोटारसायकलवर टाकून इकडं पेणला आणणार, तो परत येईस्तोवर अंधार, आणि मग आमची बायको हळूच येऊन उभी राहणार — "आजची रात राहू या ना." दर वेळी तेच, त्याच आवाजात. आणि सासू लगेच भाकऱ्यांचं पीठ काढणार. आज मी म्हटलं, बस झालं, स्टेपनी काढत बसायलापण थांबायचं नाय. टायर फाटला तरी चालंल, गाडी पेणपर्यंत अशीच न्यायची. आलो रडतखडत वीसच्या स्पीडनं, मागचे सगळे हॉर्न मारतायत, आणि ही बाजूला खिडकीबाहेर बघत बसलीय.

हळू कशाला बोलू? ऐकू दे की. तिला गाडीतनं उतरवून बाकड्यावर बसवलंत ते बरं केलंत, बसू दे तिथं थोबाड फुगवून. नमिता नाव. याच पेणात गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची लग्नाआधी — बाप्पाचे डोळे ही काढायची. मालक अजून फोन करायचा, नमिताला पाठवा, तिच्यासारखा हात नाय कोणाचा. मी सांगितलं, हात घरी लागतो. तर तिचा फोन वाजायचाच थांबंना, मग घेतला काढून. माझ्याकडंच असतो तो. काय चूक केली? मी शिफ्टला जाणार, आणि ही कोणाकोणाशी बोलत बसणार?

मघाशी तुम्ही तिच्या मनगटाकडं बघितलंत, काका. मी बघितलं तुम्हाला बघताना. मोरीत पडली ती. ...बरं, नाय पडली. घरात भांड्याला भांडं लागतं. तुमच्या घरी नाय लागत? कंपनीत साहेब डोक्यावर बसतो, घरी यावं तर ही दोन-दोन दिवस बोलत नाय, मग माणसाचा हात उठतो. मी नंतर स्वतः मलम आणलं, ते नाय कोणी सांगत.

काय? परत बोला. वाल्व्हची पिन सैल हाय? आपोआप होत नाय — हातानं कोणी तरी फिरवलीय? बघा, बघा, हेच मी म्हणत होतो. हे विशालचं काम. बहिणीचा लय पुळका हाय त्याला. गेल्या वेळी मला म्हणतो, दाजी, ताईला जरा जपून. मला सांगतो. आता फिरतोच मागं, त्याची मानगूटच धरतो — काय? आज घरी होता का? नाय, काल तो नाईट शिफ्टला गेला. आज दुपारी आम्ही निघालो तरी घरी आलेला नव्हता. मग सासरा. पण सासऱ्याच्या गुडघ्याला पट्टा, तो खाली बसला तर दोघांनी उठवावा लागतो. मग पोरं असतील वाडीतली, दुसरं कोण.

डिकी कशाला उघडताय? स्टेपनी ठीक हाय, रोह्याहून निघताना मी स्वतः भरून घेतली, माझ्यासमोर मीटर लावलंन त्यानं. ...नाय? दाबून बघा नीट. असं कसं होईल, डिकीला लॉक असतं, पोरांना कशी उघडेल, चावी तर माझ्या खिशात — सकाळी पोचल्यावर फक्त नमितानं नेली, आईसाठी आणलेली पिशवी काढायला. पाच मिनिटं. लगेच आणून दिली तिनं, हातात दिली माझ्या.

...

प्रत्येक वेळी पिशवी काढायला तीच जाते.

ए नमिता. इकडं ये. ये इकडं, तुला विचारायचंय — कुठं गेली? काका, इथं बाकड्यावर होती ना ती? तिची पर्सपण नाय. ती — त्या मिनिडोर रिक्षात मागं बसलीय ती — नमिता, उतर खाली. उतर म्हणतो. ...गेली. तुम्ही बघत होतात. मघापासून माझ्या खांद्यावरनं तिकडंच बघत होतात, आणि मला वाटलं माझं ऐकताय. मी टपरीवर गेलो तेव्हा काय सांगितलंन तिनं तुम्हाला? पंक्चर नाय हे तुम्हाला हात लावल्या लावल्या कळलं असणार, मग चाक कशाला काढलंत? लावा ते. आत्ताच्या आत्ता लावा, आता पुढच्या वळणावर असंल ती. बसलात काय? नट कुठं हायत? काका, मी तुमच्याशी बोलतोय.

नट कुठं ठेवलेत?